सोसायटीच्या इमारतीचा विमा: रक्कम कशी ठरवाल?

आदर्श उपविधींनुसार (गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमावलीनुसार) आग व भूकंपाचा विमा सोसायटीला घ्यावाच लागतो. घोळ होतो तो रकमेत. बाजारभाव धरू नका. जमीन जळत नाही. पुन्हा बांधायचा खर्च धरा: उदा. २०,००० चौरस फूट गुणिले २,५०० रुपये, म्हणजे ५ कोटी. कंपाउंड वॉल, टाक्या, पंपघर आणि लिफ्ट यांची यादी पॉलिसीत वेगळी लिहून घ्या.

राहत्या इमारतीला 'भारत गृह रक्षा' ही घरांसाठीची प्रमाणित विमा पॉलिसी घ्या. तळमजल्यावर दुकाने असतील तर ती प्रस्तावात नमूद करा, लपवाल तर दाव्याच्या वेळी अडकाल.

पूर्ण व्यापारी इमारतीत काटकसर महागात पडते. किंमत ४ कोटी, विमा २ कोटी आणि नुकसान ४० लाख असेल, तर विमा निम्म्याच किमतीचा असल्याने भरपाईही निम्मीच, म्हणजे साधारण २० लाखच हाती येतात.

टाकी फुटली तर भरपाई मिळते, वर्षानुवर्षांची गळती मात्र देखभालीत जाते. लिफ्टची मोटर नुसती जळाली तर आगीची पॉलिसी कामाची नाही; त्यासाठी मशिनरी ब्रेकडाउन कव्हर लागते. लिफ्टमध्ये कुणी जखमी झाल्यास दायित्वाचा (सोसायटीला द्याव्या लागणाऱ्या भरपाईचा) विमा वेगळा. सभासदांचे फर्निचर-टीव्ही त्यांचे त्यांनी पाहावे.

दुर्घटना घडताच कंपनीला कळवा, आणि नुकसान तपासणारा सर्व्हेअर येईपर्यंत जळका मलबा भंगारवाल्याला देऊ नका.