प्रीमियम पास, टोकन आणि रांग: फॅन कन्व्हेन्शनमध्ये रांगेचं काम शिकणाऱ्यांसाठी

फॅन कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे चित्रपट, मालिका, कॉमिक्स यांच्या चाहत्यांच्या मेळाव्यात, रांगेच्या कामावर नवा स्वयंसेवक आला की मी त्याच्याकडे लगेच माणसं सोपवत नाही. सह्यांच्या टेबलाशेजारी घड्याळ घेऊन उभं करते. पाहुणा, म्हणजे सह्या द्यायला आलेला कलाकार, एका चाहत्याला किती वेळ देतो एवढंच त्याने टिपायचं. नाव सांगणं, फोटोवर सही कुठे हवी ते दाखवणं, दोन शब्द बोलणं, पुढच्याने पिशवीतून पोस्टर बाहेर काढणं, हे सगळं धरून. साधारण ३० सेकंद येतात. पाहुणा बोलका असेल तर ४५.

मग हिशोब. पाहुणा ९० मिनिटं बसणार, म्हणजे ३० सेकंदांच्या वेगाने १८० सह्या. पण तो उशिरा येतो, मधे पाणी पितो, हाताला विश्रांती देतो. कुणाला समोर उभं राहिल्यावर रडू फुटतं आणि अशा माणसाला घाईने पुढे ढकलता येत नाही, ढकलूही नये. हातात खरी ७० मिनिटं उरतात. म्हणजे १४० माणसं. एकशेएक्केचाळिसाव्या माणसाला सही मिळणार नाही हे दार उघडण्याआधीच ठरलेलं असतं. ते त्याला कधी सांगायचं, इतकंच आपल्या हातात असतं.

प्रीमियम पासचा, म्हणजे जास्त पैसे देऊन रांगेत पुढे जाण्याच्या तिकिटाचा, खरा उपयोग होतो का, या प्रश्नाचं उत्तर या आकड्यापासूनच शोधायला हवं. पासमुळे पाहुण्याचा हात वेगाने चालत नाही. टेबलावरून मिनिटाला दोनच माणसं पुढे जातात, पास असो वा नसो. पासधारकाची वीस मिनिटं वाचतात तेव्हा ती वीस मिनिटं साध्या तिकिटावर आलेल्या कुणाच्या तरी वाट्याला जातात. हे मान्य करूनच पास विकायला हवेत, आणि रांगेवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला ते पक्कं ठाऊक हवं.

आता वरच्याच उदाहरणात ४० पास विकले असं धरा. पासधारक आधी सोडले तर वीस मिनिटांत संपतात. साध्या रांगेसाठी १०० जागा उरतात. थोडी कुरकुर होते, पण व्यवस्था टिकते. १२० पास विकले तर? शेवटच्या पासधारकाला तासभर थांबावं लागतं, आणि जास्त पैसे मोजून तासभर उभं राहिलेला माणूस साध्या रांगेतल्या माणसापेक्षा जास्त चिडलेला असतो. पलीकडे साध्या रांगेसाठी उरतात २० जागा. दोन्ही रांगा नाराज. पास चालतो की नाही हे त्याच्या किमतीवर किंवा त्यावर छापलेल्या ‘गोल्ड’, ‘प्लॅटिनम’ या नावांवर ठरत नाही. एकूण जागांपैकी किती जागांना तो विकला, यावर ठरतं. एक तृतीयांशाच्या पुढे गेलं की घोळ सुरू होतो, असं माझं मत आहे.

पासधारक कसे सोडायचे हेही महत्त्वाचं. ते एकगठ्ठा आले तर बरं, निदान साध्या रांगेला कळतं की यांचे संपले की आपला नंबर. दिवसभर एकेक करून येणारे आणि आला की थेट पुढे जाणारे पासधारक सगळ्यात जास्त त्रास देतात. साधी रांग हलते, थांबते, पुन्हा थांबते, आणि का थांबली ते कुणालाच दिसत नाही. अशा वेळी दोन्ही रांगा जिथे मिळतात तिथे प्रमाण ठरवून घ्यावं: पासच्या रांगेतून एक, साध्या रांगेतून तीन, असं काही. तिथे तुमच्यातला सगळ्यात शांत डोक्याचा माणूस उभा करा. प्रमाण मोठ्याने सांगा. लोक असमानता सहन करतात, पण नियम न सांगता केलेली असमानता सहन करत नाहीत.

सगळे पास सारखे नसतात. आसनाचा पास आणि अग्रक्रमाचा पास यांतला फरक तर नव्याने पास घेणाऱ्यालाही कळायला हवा. सभागृहातली अमुक रांग, अमुक खुर्ची, तीनही दिवस तुमची, हा पास काम करतो, कारण खुर्च्या मोजता येतात. काही मालिकांच्या चाहत्यांसाठी होणाऱ्या छोट्या कन्व्हेन्शनमध्ये असे पास असतात, आणि सह्यांसाठीही खुर्च्यांच्या ओळीप्रमाणे बोलावतात. तुमची ओळ पुकारेपर्यंत तुम्ही बसून असता. मला ही पद्धत फार आवडते, कारण तिथे उभ्या रांगेची गरजच बरीचशी संपते. याउलट ‘सर्वांच्या आधी प्रवेश’ या वचनाला आकडा नसतो. आधी म्हणजे कितीजणांच्या आधी, हे विचारल्याशिवाय तो पास घेऊ नका. लवकर प्रवेशाचा पास असेल तर एक गोष्ट नक्की तपासा: पिशव्यांची तपासणी वेगळ्या दाराने आहे का? नसेल तर पासधारकही त्याच तपासणीच्या रांगेत उभे राहतात आणि विकत घेतलेला अर्धा तास तिथेच संपतो.

पास न विकताही मोठी कन्व्हेन्शन चालतात. अमेरिकेतलं सॅन डिएगो कॉमिक-कॉन १९७० मध्ये सुरू झालं, आज तिथे लाखाच्या बरंच वर माणसं येतात, आणि तरीही पैसे जास्त देऊन रांग ओलांडण्याचा व्हीआयपी बॅज (प्रवेशपत्र) तिथे विकला जात नाही. बॅज विकत घेण्याची ऑनलाइन रांगसुद्धा यादृच्छिक असते. ठरलेल्या वेळेआधी प्रतीक्षाकक्षात आलेल्यांना संगणक नंबर देतो, आधी आला म्हणून फायदा नाही. पण तिथल्या हॉल एचची गोष्ट शिकण्यासारखी आहे. सुमारे ६,५०० आसनांचं ते सभागृह एका कार्यक्रमानंतर रिकामं केलं जात नाही. त्यामुळे दुपारचा कार्यक्रम पाहायचा असेल तर सकाळीच आत बसणं शहाणपणाचं ठरतं, मग सकाळी बसायचं तर रात्रीपासून बाहेर बसावं लागतं. रात्रभराची रांग ही लोकांच्या वेडाने तयार होत नाही, ती नियमातून तयार होते. २०१४ पासून तिथे दुसऱ्या दिवसाच्या रांगेसाठी आदल्या दिवशी मनगटाला बांधायच्या रंगीत पट्ट्या वाटू लागले. पट्टी हातात असली की आपल्याला आत जागा आहे हे माणसाला आधीच कळतं. रांग त्याने संपली नाही. पट्टी मिळवण्यासाठी वेगळी रांग लागते. पण अनिश्चितता बरीच कमी झाली.

दुसरं टोक टोकियोतलं कॉमिकेट. १९७५ च्या डिसेंबरमध्ये काही शे माणसांनिशी सुरू झालेला हा चाहत्यांनी स्वतः काढलेल्या पुस्तकांचा मेळा. २०१९ च्या हिवाळ्यात चार दिवसांत तिथे साडेसात लाखांची हजेरी नोंदली गेली. आयोजन स्वयंसेवकांच्या हातात, आणि त्यांची भूमिका अशी की इथे ग्राहक कुणीच नाही. विकणारा, घेणारा, रांग लावणारा, सगळे सहभागीच. त्याचा परिणाम रांगेत दिसतो. एखाद्या टेबलासमोरची रांग वाढली की ‘रांगेचा शेवट इथे’ अशी पाटी शेवटच्या माणसाच्या हातात असते. नवा आला की तो पाटी मागून घेतो आणि स्वतः धरतो. रांग कुठे संपते हे सांगायला वेगळा माणूस लागत नाही. मी ही पद्धत छोट्या स्टॉलवर वापरून पाहिली आहे, आणि मध्येच घुसण्याचे प्रकार लक्षात येण्याइतके कमी होतात, कारण शेवट कुठे आहे ते कळलं नाही ही सबब उरत नाही. कॉमिकेटही नंतर तिकिटांकडे वळलं. आता तिथे लवकर, सकाळी आणि दुपारी अशा प्रवेशाच्या वेगवेगळ्या वेळा असतात आणि लवकरच्या वेळेला जास्त पैसे पडतात. मला यात गैर वाटत नाही. वेळेची विभागणी केली की दारावरची गर्दी दिवसभरात पसरते, आणि दुपारी येणाऱ्याला स्वस्तात यायला मिळतं. पास गर्दी पसरवत असेल तर तो सगळ्यांच्या उपयोगाचा. एकाच क्षणावर आणखी माणसं लोटत असेल तर नाही.

लॉटरीबद्दल नवे लोक साशंक असतात. जो लवकर आला त्याला आधी, यातच न्याय आहे असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. पण लवकर येणं सगळ्यांना सारखं जमत नाही. लहान मूल घेऊन आलेली आई, शेवटच्या गाडीने येणारा विद्यार्थी, गुडघे दुखणारा म्हातारा चाहता, हे पहाटे चारला हजर राहू शकत नाहीत. मागणी जागांच्या कितीतरी पट असेल तेव्हा आधीच सोडत काढणं मला जास्त माणुसकीचं वाटतं. हरणाऱ्याला निदान घरी बसून कळतं.

टोकन किंवा फोनवरचा आभासी नंबर ही मधली वाट. माणूस नंबर घेऊन प्रदर्शनात फिरतो, स्टॉलवाल्यांचा धंदा होतो, मोकळ्या जागेत श्वास घ्यायला मिळतो. मात्र यात दोन अडचणी हमखास येतात. काही जण परत येत नाहीत, म्हणून एकेक नंबर न पुकारता दहा-पंधराच्या गटाने बोलवा आणि गट चुकलेल्याला शेवटच्या गटात जागा द्या. आणि हजारो फोन एका दालनात आले की नेटवर्क कोलमडतं. त्यामुळे सध्या कुठला गट चालू आहे हे दाखवणारा मोठ्या अक्षरांचा फळा पाहिजेच. अ‍ॅप कितीही चांगलं असो, फळा ठेवा.

रांगेवर उभं राहून रोज करायच्या कामात बोलण्याला सगळ्यात जास्त महत्त्व आहे. व्यवस्थापनाचे अभ्यासक डेव्हिड माइस्टर यांनी १९८५ मध्ये वाट पाहण्याच्या मानसशास्त्रावर जे मांडलं ते मी दर कन्व्हेन्शनला खरं ठरताना बघते: कारण न कळलेली वाट कारण कळलेल्या वाटेपेक्षा लांब वाटते, आणि किती वेळ ते माहीत नसेल तर आणखी लांब. पाहुण्याचं विमान उशिरा आहे, तर तसं सांगा. ‘होईल थोड्या वेळात’ म्हणू नका. अंदाज देणं अवघड नाही. पुढे ६० माणसं आहेत आणि मिनिटाला दोन जातात, म्हणजे अर्धा तास. रांगांच्या गणितात जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम याच नात्याचा आहे, पण तुम्हाला हातात मोजणीचं यंत्र आणि एवढा भागाकार पुरतो.

आणि रांग बंद करायला शिका. हे सगळ्यात अवघड काम आहे आणि नव्या स्वयंसेवकाला ते एकट्याने करायला लावू नये. १४० जागा असतील तर मी साधारण १२० व्या माणसामागे ‘यापुढे खात्री नाही’ अशी पाटी लावते आणि १४० ला रांग बंद करते. त्यानंतर आलेला माणूस हिरमुसतो, वाद घालतो, कधी डोळे भरून येतात. तरीही त्याला दोन तास उभं ठेवून शेवटी नाही म्हणण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पासधारक नंतर येणार असतील तर त्यांच्या जागा या १४० मधून आधीच वजा करा, नाहीतर बंद केलेल्या रांगेच्या पुढ्यात ते येऊन उभे राहतात.

‘तासाभरापेक्षा आधी रांग लावता येणार नाही’ हा नियम कागदावर नीट दिसतो, प्रत्यक्षात धोकादायक ठरू शकतो. लोक निघून जात नाहीत. आसपास घोटाळत राहतात आणि वेळ होताच एकदम धावतात. रांग लावू देणार नसाल तर थांबायला जागा द्या, नंबर द्या. गर्दी दाटू लागली, चौरस मीटरला चार-पाच माणसं व्हायला लागली, की माणसाचं स्वतःच्या हालचालीवरचं नियंत्रण सुटू लागतं. तिथे मागच्या माणसाला थांबवा, पुढच्याला हटकून उपयोग नाही. आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट आणि दोन दालनांमधला रस्ता रांगेने कधीच अडवू नये. रस्ता आडवा आला तर रांग तोडा, पलीकडे चालू ठेवा आणि तुटलेल्या दोन्ही टोकांवर एकेक माणूस ठेवा.

अपंग चाहत्यांसाठीची सोय आणि विकत घेतलेला पास यांची एकच रांग करू नका. हे मी आग्रहाने सांगते. ज्याला दोन तास उभं राहता येत नाही त्याला बसायची जागा आणि बोलावणं मिळणं हा त्याचा हक्क आहे, चैन नाही. दोन्ही एकत्र केले की पासवाले वाढल्यावर पहिली गैरसोय त्याचीच होते, आणि साध्या रांगेतून त्याच्याकडे संशयाने पाहिलं जातं. शिवाय पुरावा मागत बसू नका. प्रत्येक अडचण डोळ्यांना दिसत नाही.

हे काम धरायचं असेल तर पहिल्यांदा सह्यांची किंवा फोटोची रांग मागून घ्या, मुख्य सभागृह नको. फोटोच्या रांगेत माणूस काही सेकंदांत पुढे जातो, त्यामुळे वेग कुठे अडतो ते लगेच दिसतं: पिशव्या ठेवायला टेबल नाही, चष्मा काढायला वेळ जातो, चौघांचा गट आतमध्ये ठरवतो की कोण कुठे उभं राहणार. ही सगळी कामं रांगेतच उरकून घेता येतात. आरामदायी बूट, पाणी, खडू किंवा जमिनीवर लावायची टेप, आणि खिशात कागद. कागदावर लिहून ठेवा: रांग किती वाजता बंद केली, किती जणांना परत पाठवलं, किती पासधारक आले, शेवटच्या पासधारकाला किती थांबावं लागलं. ही नोंद कार्यक्रम संपताच तिकिटं ठरवणाऱ्यांच्या हाती द्या. किती पास विकायचे हे पुढच्या वेळी कित्येक महिने आधी ठरतं, आणि ठरवणारी माणसं बहुतेकदा त्या रांगेजवळ कधीच उभी नसतात.