डिश जड म्हणून गाडी सुस्त? चाकं बदलताना या चुका टाळा

नवीन अलॉय (अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची डिश) आणि रुंद टायर बसले की महिन्याभरात तीन तक्रारी ठरलेल्या: पिकअप गेला, अॅव्हरेज उतरलं, गाडी खड्ड्यात आपटायला लागली. खापर फुटतं ते डिशच्या, म्हणजे टायरच्या आतल्या धातूच्या चाकाच्या, वजनावर. वजनाचा वाटा असतोच. पण बऱ्याचदा मोठा घोळ चाकाच्या व्यासात असतो आणि तो कुणी मोजलेलाच नसतो.

उदाहरणाला २०१८ ची मारुती स्विफ्ट घेऊ. खालच्या व्हेरिएंटना १६५/८० आर १४ (रुंदी १६५ मिमी, टायरच्या भिंतीची उंची तिच्या ८० टक्के, डिश १४ इंची) आणि वरच्यांना १८५/६५ आर १५ असे दोन टायर तिला कंपनीतूनच आले, आणि बाहेरून १६ इंची डिश टाकून घेणारेही भरपूर.

‘चाकातला एक किलो म्हणजे बॉडीतले दहा किलो’ हे गणित

हे वाक्य अलॉयच्या दुकानात हमखास ऐकू येतं. ते चुकीचं आहे. चाकाला पुढे ढकलावं लागतं आणि त्याच वेळी फिरवावंही लागतं, म्हणून पिकअप घेताना त्याचं वजन जास्त जाणवतं, इतकंच. पण सगळं वजन टायरच्या बाहेरच्या पट्ट्यावर आहे असं धरलं, तरी हा गुणक दोनच्या वर जात नाही. डिश आणि टायर मिळून तो साधारण १.६ ते १.८ येतो.

आकडे घालून बघा. १४ इंची लोखंडी डिश टायरसकट साधारण १४ किलो. १६ इंची ओतीव अलॉय टायरसकट १८ च्या आसपास. चाकामागे ४ किलो, चार चाकांचे १६, गुणिले १.७, म्हणजे २७ किलो. दोन माणसं बसलेली स्विफ्ट १०४० किलोच्या घरात जाते. म्हणजे फरक अडीच टक्क्यांचा. शून्य ते शंभर १२ सेकंदांत होत असेल, तर त्यात ०.३ सेकंदाची भर. डिकीत एक भरलेली बॅग ठेवल्यावर गाडी जेवढी मंदावते, तेवढीच.

हायवेवर एका वेगात चालताना हे वजन जवळपास जाणवतच नाही. सिग्नल-टू-सिग्नल शहरात ते थोडं पेट्रोल खातं, कारण दर वेळी फिरवलेलं चाक ब्रेकने थांबवावं लागतं. घाट उतरतानाही तेच: ब्रेक थोडे जास्त तापतात.

व्यास न मोजता टायरचा साइज निवडणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. व्यास काढायचं सूत्र सोपं आहे: डिशचे इंच गुणिले २५.४, अधिक टायरच्या भिंतीच्या उंचीची दुप्पट. भिंतीची उंची म्हणजे रुंदी गुणिले दुसरा आकडा, भागिले शंभर.

१६५/८० आर १४ चा व्यास ६२० मिमी येतो. १८५/६५ आर १५ चा ६२१ ते ६२२. १९५/५५ आर १६ चा ६२१. तिन्ही एकाच मापाचे, कारण कंपनीही हाच हिशोब करते. आता ‘ग्राउंड क्लिअरन्स वाढेल’ म्हणून कुणी २०५/६० आर १६ टाकला, तर व्यास ६५२ होतो. क्लिअरन्स वाढला १६ मिमी. बदल्यात सगळे गिअर पाच टक्क्यांनी लांब झाले, म्हणजे त्याच गिअरमध्ये रस्त्यावर मिळणारा जोर पाच टक्के घटला. वजनाचे अडीच टक्के वेगळे, हे वेगळे. खंबाटकी चढताना जी गाडी तिसऱ्यावर ओढायची ती दुसरा मागायला लागते, ती यामुळे.

अॅव्हरेजचा घोळही इथेच. चाक मोठं झालं की ओडोमीटर कमी मोजतो. गाडी खरी ४०० किलोमीटर चालली तरी मीटरवर ३८० दिसतात. २० लिटर पेट्रोल लागलं असेल तर हिशोबात लिटरला २० ऐवजी १९ येतात आणि मालक डिशला शिव्या घालतो. आधी मोबाइलच्या जीपीएसवर ५० किलोमीटर मोजून मीटरशी ताडून बघा, मग बोला. त्याच कारणाने काट्यावर शंभर दिसताना गाडीचा वेग आधीपेक्षा पाच टक्क्यांनी जास्त असतो. कॅमेऱ्याला ही सबब चालत नाही.

मूळ व्यासापेक्षा फरक दोन टक्क्यांच्या आत ठेवा. स्टेअरिंग पूर्ण वळवून, मागे तीन माणसं बसवून, टायर लायनरला (चाकावरच्या प्लास्टिकच्या आवरणाला) घासतो का ते दुकानातच बघा.

अलॉय म्हणजे हलकीच, असं समजणं

त्याच मापाची स्वस्त ओतीव अलॉय आणि लोखंडी डिश यांच्या वजनात फार फरक नसतो. कधी अलॉयच जड निघते. अॅल्युमिनियम हलकं असलं तरी ताकदीसाठी ते जाड ओतावं लागतं. त्यात एक-दोन इंच वाढवले की हलकेपणाचा मुद्दाच संपला. खरोखर हलकी हवी तर फ्लो फॉर्मिंगची (ओतून मग कड दाबून पातळ केलेली) किंवा फोर्ज्ड (ओतण्याऐवजी दाबून घडवलेली) डिश घ्यावी लागते, आणि दोन्हींची किंमतही तशीच चढी असते. कॅटलॉगवर विसंबू नका. घरच्या वजनकाट्यावर आधी नुसते उभे राहा, मग डिश हातात धरून, वजाबाकी करा. डिशवर बीआयएसचं चिन्ह आणि लोड रेटिंग आहे का तेही याच वेळी बघा.

जड चाकाची खरी किंमत पिकअपमध्ये नाही, खड्ड्यात वसूल होते. डिश, टायर आणि ब्रेक हे स्प्रिंगच्या खालचं वजन. खड्ड्यात चाक उसळलं की त्याला परत रस्त्यावर बसवायचं काम शॉकअॅब्सॉर्बरचं, आणि तो कंपनीच्या चाकाच्या वजनाला जुळवलेला असतो. चाक जड झालं की ते बसायला वेळ लागतो. पॅच मारलेल्या डांबरावर टायर क्षणभर रस्ता सोडतो. नेमकं तिथे वळण असेल तर गाडी बाहेर सरकते. वरून १६५/८० आर १४ जाऊन १९५/५५ आर १६ आला की टायरची भिंत १३२ मिमीवरून १०७ वर आलेली, त्यामुळे धक्का खाणारं रबरही कमी. टायरला फुगा येणं आणि डिश वाकणं, दोन्ही त्यातूनच. खड्ड्यांच्या रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीला १५ इंचांच्या वर नेऊच नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

हलकं करायच्या नादात लोड इंडेक्स उतरवणं

टायरवर साइजनंतर लिहिलेला आकडा म्हणजे लोड इंडेक्स, एक टायर किती वजन पेलतो ते: ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो, ८७ म्हणजे ५४५, ८८ म्हणजे ५६०. मूळ टायरपेक्षा खालचा आकडा घेऊ नका, कितीही हलका असला तरी.

डिश बाहेर काढणं

ईटी म्हणजे डिशची मधली रेषा आणि ती गाडीला टेकते ती बाजू यांतलं मिमीमधलं अंतर; ते कमी झालं की चाक बाहेर येतं. कंपनीची डिश साडेपाच इंच रुंद आणि ईटी ४५ असेल, आणि नवीन सात इंची ईटी ३८ घेतली, तर रुंदीचा अर्धा फरक १९ मिमी आणि ईटीचा ७ मिमी मिळून डिशची कड २६ मिमी बाहेर येते. दिसायला दणकट दिसते, पण बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि चाकोरीत स्टेअरिंग ओढायला लागतं. वर्षभरात बेअरिंग घोंगावलं की दोष वजनाला दिला जातो.

प्रत्येक थरथरीला बॅलन्सिंग करणं

ऐंशी ते शंभरच्या दरम्यान स्टेअरिंग थरथरलं तर बॅलन्सिंग (छोटी वजनं चिकटवून चाकाचा भार सगळीकडे सारखा करणं) बघा. तीस-चाळीसलाच गाडी डुलत असेल तर टायरचा फुगा किंवा वाकलेली डिश. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथर असेल तर ब्रेक डिस्क. तिन्हींवर ‘बॅलन्सिंग करून टाका’ हा उपाय नाही.

बॅलन्सिंगच्या मशीनने एका चाकाला ८०-१०० ग्रॅम वजन मागितलं तर शिसं चिकटवत बसू नका. हवा सोडून, टायर डिशवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजायला सांगा. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हपाशी आणा; ती टायरची हलकी बाजू असते. शेवटी खात्रीसाठी चाक मशीनच्या शाफ्टवर ढिलं करून अर्धं फिरवा, घट्ट करा, पुन्हा चालवा. आकडा पाच ग्रॅमच्या वर आला तर चाक मशीनवर मधोमध बसलेलंच नव्हतं आणि आधीचं बॅलन्सिंग वाया गेलं.

बॅलन्सिंग बरोबर असून थरथर राहिली तर डिशचं मधलं भोक तपासा. मारुतीच्या छोट्या गाड्यांचा हब (गाडीचा डिशच्या भोकात बसणारा गोल भाग) ५४.१ मिमीचा, तर बाजारातल्या बऱ्याच डिशचं भोक ६७.१ किंवा ७३.१. मधली फट भरणारी रिंग विसरली की चाक फक्त नटांवर तोललं जातं. नट घट्ट करताना चाक जमिनीवरून उचललेलं असावं, क्रम समोरासमोरचा, आणि शेवटचा आवळा टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने), मॅन्युअलमधल्या आकड्यावर. ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

पावसाळ्यात आणखी एक कारण. कोकणातल्या कच्च्या रस्त्याची तांबडी माती डिशच्या आतल्या बाजूला चिकटून वाळते आणि काल ठीक असलेली गाडी आज हायवेवर थरथरते. पैसे खर्च करण्याआधी डिश आतून धुवा. पंक्चरविरोधी लिक्विडचंही तसंच: चाकात तीन-चारशे ग्रॅम पातळ पदार्थ, रात्री गाडी उभी असताना खाली साचणारा. सकाळी पहिले काही किलोमीटर थरथर आणि मग बंद, असं असेल तर तेच.

पिकअप गेला म्हणून थेट डिश काढून ठेवणं

आधी थंड टायरमध्ये हवा मोजा. चार-पाच पीएसआय कमी असले तरी गाडी जड चालते. मग ब्रेक फार न वापरता दहा किलोमीटर चालवा आणि डिशजवळ हात नेऊन बघा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर कॅलिपर (ब्रेक डिस्कला दाबणारा भाग) अडकलाय. डिश बदलताना तो हलवला गेला असेल तर याची शक्यता जास्तच. हे दोन्ही ठीक असतील तरच व्यास आणि वजनाकडे वळा.

स्टेपनी विसरणं

चारही चाकांचा व्यास बदलला आणि डिकीत जुनी १४ इंची स्टेपनी राहिली, तर ती पुढच्या चाकाला लावून लांब जाऊ नका. दोन्ही बाजूंचा घेर वेगळा असल्याने डिफरन्शिअल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच) सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतो आणि एबीएसचा (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागू शकतो. पुढचं चाक पंक्चर असेल तर मागचं चांगलं चाक पुढे आणा आणि स्टेपनी मागे लावा. नटही बघून ठेवा: फोक्सवॅगन पोलोसारख्या गाड्यांना नट नसून बोल्ट असतात, आणि अलॉयचा लांब बोल्ट लोखंडी स्टेपनीला लावला तर तो आत ब्रेकपर्यंत पोचू शकतो. जुन्या बोल्टचा संच स्टेपनीसोबत पिशवीत बांधून ठेवा.