संशयास्पद फाइल डाउनलोड झाली? फोन हॅक झालाय का, हे असं तपासा

आधी नेट बंद करा. मोबाइल डेटाही आणि वाय-फायही. नुसता एअरप्लेन मोड लावून थांबू नका, काही फोनमध्ये त्यातही वाय-फाय चालूच राहतं.

मग स्वतःला विचारा: फाइल नुसती उतरली, उघडली, की इन्स्टॉल केली? घाबरून फोन करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच आधी विचारते, कारण पुढचं सगळं या उत्तरावर ठरतं. अँड्रॉइडवर एपीके फाइल, म्हणजे ॲप इन्स्टॉल करायची फाइल, डाउनलोड फोल्डरमध्ये नुसती पडून असेल, तर ती आपणहून काहीही करत नाही. डिलीट करा, ट्रॅशमधूनही काढा, विषय संपला. फोटो किंवा पीडीएफ उघडली असेल, तर त्यातून फोन ताब्यात घ्यायला सिस्टीममधली एखादी त्रुटीच हाताशी असावी लागते. असं क्वचित होतं. सिस्टीम आणि ॲप्स अपडेट करून घ्या. मात्र फाइलचं नाव शेवटपर्यंत वाचा. ‘फोटो.जेपीजी.एपीके’ हा फोटो नव्हे. शेवटच्या टिंबानंतर जे असतं, तेच खरं.

इथे दोन सल्ले हमखास मिळतात आणि दोन्ही टाकाऊ आहेत. पहिला, *#21# डायल करा म्हणजे हॅक झालंय का ते कळेल. त्या कोडने फक्त कॉल फॉरवर्डिंग चालू आहे का एवढंच दिसतं. तुमचे कॉल दुसरीकडे वळवलेले नाहीत ना, हे बघायला तो ठीक आहे. फोनमध्ये काय शिरलंय हे त्याला कळत नाही. दुसरा, बॅटरी लवकर उतरते का बघा. जुन्या बॅटरीनेही तेच होतं, आणि नीट लिहिलेलं घातक ॲप बॅटरी फारशी खातही नाही.

एपीके इन्स्टॉल केली असेल, तर खरं काम आता सुरू होतं. होम स्क्रीनवर शोधू नका. अशी ॲप्स आपलं चिन्ह लपवतात. सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’ उघडून पूर्ण यादी खालपर्यंत बघा. ‘सिस्टीम अपडेट’सारखं साळसूद नाव, दातेरी चाकाचं चिन्ह, दोनदा दिसणारा ब्राउझर, किंवा नावच नसलेली रिकामी ओळ सापडली की थांबा. ॲपच्या माहितीत अगदी खाली, ते कुठून इन्स्टॉल झालं हे बऱ्याच फोनमध्ये लिहिलेलं असतं.

सापडलं की अनइन्स्टॉल दाबायचं, एवढं सोपं असतं तर हा लेख लिहायची गरज नव्हती. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, माझंही सुरुवातीला अडलं होतं. अनइन्स्टॉलचं बटण फिकट पडलेलं असतं, दाबलं जात नाही. किंवा दाबायला जावं तर सेटिंग्जचं पान आपोआप बंद होऊन आपण होम स्क्रीनवर येतो. पुन्हा उघडा, पुन्हा तेच. फोन बिघडलेला नसतो. फिकट बटणाचं कारण पुढे येईलच; पान बंद होतं ते असं: इन्स्टॉल करताना त्या ॲपने ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागितलेली असते आणि आपण ती दिलेली असते. ही सोय मुळात दृष्टिहीन किंवा हालचालींची अडचण असलेल्या लोकांसाठी आहे. तिच्यामुळे ॲपला स्क्रीनवरचं सगळं वाचता येतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात. ओटीपी वाचणं, बँकेचं ॲप उघडणं आणि तुम्ही काढायला गेलात की मागे फिरवणं, हे सगळं त्या एका परवानगीच्या जोरावर चालतं. म्हणूनच अँड्रॉइड 13 पासून, म्हणजे 2022 पासून, स्टोअरबाहेरून आलेल्या ॲपला ही परवानगी देताना फोन आधी अडवतो. ती अडवणूक कशी ओलांडायची हे कुणी पायरीपायरीने शिकवत असेल, तर तो माणूस चोर आहे असंच समजा.

यावर उपाय सेफ मोड, म्हणजे फोन फक्त त्याच्या मूळ ॲप्सवर सुरू करणं. पॉवर बटण दाबून मेन्यू आणा आणि ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून धरा, बहुतेक फोन सेफ मोडमध्ये सुरू करू का, असं विचारतात. स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘सेफ मोड’ अशी अक्षरं दिसली, की नंतर टाकलेलं एकही ॲप चालू नाही. आता क्रम चुकवू नका. आधी सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘डिव्हाइस ॲडमिन’ (ॲपला दिलेला फोनवरचा खास हक्क) शोधा आणि त्या ॲपसमोरची खूण काढा. बटण फिकट असतं ते याच हक्कामुळे. मग ॲक्सेसिबिलिटीतल्या ‘डाउनलोड केलेली ॲप्स’मध्ये त्याचा स्विच बंद करा. त्यानंतरच अनइन्स्टॉल. तिथे टॉकबॅक दिसलं तर दचकू नका, ते स्क्रीन वाचून दाखवणारं गूगलचंच ॲप आहे. फोन पुन्हा सुरू केला की सेफ मोड जातो.

नंतर नेट चालू करून प्ले स्टोअरमधल्या प्ले प्रोटेक्टने, म्हणजे घातक ॲप्स शोधणाऱ्या सोयीने, स्कॅन करा.

आयफोनवर एपीके चालतच नाही. तिथे सेटिंग्ज, जनरल, मग ‘व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट’ उघडा आणि तुम्ही किंवा ऑफिसने न टाकलेली प्रोफाइल (फोनच्या सेटिंग्जवर ताबा देणारी फाइल) दिसली तर काढून टाका.

ॲप इन्स्टॉल झालं होतं, तर पासवर्ड बदलायचेच, पण दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून, आणि ॲप निघायची वाट न बघता. आधी ईमेलचा, कारण बाकी सगळे पासवर्ड तिथूनच रीसेट होतात; मग बँकेचा. ईमेलमधून सगळीकडून लॉग आउट करा, व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ बघा. बँकेला त्याच दिवशी फोन करा, पैसे गेलेले नसले तरी.

ॲप तरीही निघत नसेल किंवा मनातून शंका जात नसेल, तर फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोन पुसून नव्यासारखा कोरा करणं. फोटो आणि कॉन्टॅक्ट्स तेवढे वाचवा. जुन्या बॅकअपमधून ॲप्स परत आणू नका, एकेक करून स्टोअरमधूनच घ्या.

राहिलं एक काम: ज्याच्याकडून फाइल आली त्याला कॉल करा, मेसेज नको. त्याचंच खातं चोराच्या हातात असेल, तर तुमचा मेसेज चोरच वाचेल. आणि तुमच्या फोनवरून तीच फाइल पुढे कुणाकुणाला गेलीय, हे पाठवलेल्या मेसेजमध्ये बघून त्यांनाही लगेच कळवा.