वेळेवर भरलं, तरी सिबिल घसरलं? कार्डाच्या या चुका टाळा

डिसेंबरात भाच्याचा फोन आला. "मामा, एक दिवससुद्धा उशीर केला नाही, मग सिबिल पडलं कसं?" म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारे सिबिलचे गुण. घराच्या कर्जाचा अर्ज तोंडावर, म्हणून घाबरलेला.

हिशेब मांडला. घरात लग्न, त्यामुळे नोव्हेंबरात इंदूरच्या एमटी क्लॉथ मार्केटच्या साड्या आणि सराफ्यातलं थोडं सोनं, सगळं एकाच क्रेडिट कार्डावर: 48,000. कार्डाची मर्यादा 60,000. म्हणजे मर्यादेच्या 80 टक्के वापर, आणि वापर जास्त दिसला की गुण घसरतात. बिल 12 तारखेला बनलं, भरायची मुदत 2 डिसेंबर. याने 30 नोव्हेंबरच्या रात्री अ‍ॅपवरून भरले, कार्डात जमा झाले 1 तारखेला. बँकेच्या लेखी सगळं वेळेत.

गोची इथे आहे. मुदतीची तारीख व्याज आणि दंड वाचवते. सिबिलकडे जाणारा आकडा वेगळ्या दिवशी उचलला जातो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 1 जानेवारी 2025 पासून बँकांना किमान पंधरवड्याला एकदा, 15 तारखेची आणि महिनाअखेरची स्थिती सिबिलसारख्या कंपन्यांना कळवणं बंधनकारक झालं. या पठ्ठ्याचे 48,000 दोन्ही वेळा उभेच होते! ‘बिल बनण्याआधी भरा’ हा जुना सल्ला चुकीचा नाही, पण आता अपुरा आहे.

मग करायचं काय? वापर 30 टक्क्यांच्या आत ठेवावा, असा ढोबळ आडाखा आहे. ती काही लक्ष्मणरेषा नव्हे. 60,000 च्या कार्डावर हे झाले 18,000. त्याने 12 तारखेच्या आसपास 30,000 भरून टाकले असते तरी भागलं असतं. दोन-तीन दिवस हाताशी ठेवून भरा, पैसे जमा व्हायला वेळ लागतो. ऑटो-डेबिट लावलं असेल, तर मध्येच भरलेली रक्कम वजा होऊन कटते का, हे आधी पाहा. नाहीतर दुप्पट जाईल.

दुसरी चूक त्याने आधीच करून ठेवली होती. वर्षाची फी वाचवायला 40,000 मर्यादेचं जुनं कार्ड ऑक्टोबरात बंद केलं. ते असतं तर एकूण वापर 48 टक्के दिसला असता.

कार्डाच्या ईएमआयवर (हप्त्यांवर) घेतलेला फ्रिजसुद्धा मर्यादा अडवून बसतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आणि ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कम, तेवढीच भरून निवांत बसू नका, बाकीवर व्याज चढतंच.

खात्री करायची तर सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या पतमाहिती ठेवणाऱ्या कंपन्या आहेत, प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. कार्डाच्या नोंदीत शिल्लक आणि कळवल्याची तारीख बघा, त्या दिवसाच्या स्टेटमेंटशी ताडून पाहा. जुळत नसेल तर तिथेच तक्रार नोंदवा. 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे.

कर्ज घ्यायचं नसेल तर दर महिन्याला ही कसरत कशाला? वापर उतरला की गुण बहुतेक परत चढतात. भाच्याने अर्ज जानेवारीअखेरीस ढकलला, आणि बँकेत आधीच विचारून ठेवलं की रिपोर्ट कोणत्या तारखेला काढणार.