पंप कधी लावायचे हे अल्गोरिदमला विचारताय? आधी या चुका टाळा

वाशी-बेलापूरला नुसत्या पावसाचे फारसे भय नाही. मुसळधार आणि मोठी भरती एकाच वेळी आली की पंचाईत. खाडीकाठचे धारण तलाव त्यासाठीच आहेत: भरतीला झडपा मिटतात, पावसाचे पाणी तलावात थांबते, ओहोटीला खाडीत उतरते. तलाव आधी किती उपसून ठेवायचा, पंप कधी लावायचे, हे शोधायला जेनेटिक अल्गोरिदम कामाचा आहे: तो बरीच उमेदवार उत्तरे घेतो, त्यातली चांगली निवडून त्यांची सरमिसळ करतो आणि पिढ्यानपिढ्या सुधारत नेतो. पण त्याचे पहिले उत्तर बहुधा हसू आणते. माझ्या लॅपटॉपवर तो दर दहा मिनिटांनी पंप चालू-बंद करत होता!

चूक माझीच. फिटनेसमध्ये, म्हणजे उत्तराला गुण देणाऱ्या सूत्रात, पाण्याची पातळी होती, विजेचे बिल होते. वारंवार सुरू केल्याने मोटर जळते, हे कुठेच लिहिले नव्हते.

मग अशी अट मोडली की गुण कापायचे, म्हणजे आपण दंड लावतो. कमी लावला तर अल्गोरिदम तो भरून मोकळा होतो, जास्त लावला तर सगळी पिढी एकाच कोपऱ्यात अडकते. त्यापेक्षा संशोधक कल्याणमय देब यांचा 2000 सालचा नियम वापरा: अट पाळणारा उमेदवार अट मोडणाऱ्याला नेहमी हरवतो, आणि दोघेही मोडणारे असतील तर कमी मोडणारा जिंकतो. दंडाचा आकडा चाचपडत बसावे लागत नाही.

तलावाची क्षमता जुन्या नकाशावरून घेऊ नका. गाळ साठलाय, खारफुटी वाढलीय, आणि ती न्यायालयाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. नाहीतर पाणी कागदावरच्या तलावात साठेल. (झडपेत प्लास्टिक अडकले की भरती उलटी आत शिरते, तेही मॉडेलला सांगा.)

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस पडला. फक्त त्याच दिवसावर शिकवलेला अल्गोरिदम तोच दिवस पाठ करतो. भरती रोज साधारण 50 मिनिटे पुढे सरकते. एकच पाऊस भरतीच्या वेगवेगळ्या वेळांवर टाकून पाहा, आणि काही पाऊस परीक्षेसाठी बाजूला ठेवा. रँडम सीड (ज्या आकड्यावरून अल्गोरिदमची यादृच्छिक सुरुवात ठरते तो) बदलून वीसेक वेळा चालवा, हे सांगायला नकोच.

सगळ्यात महागात पडते ते घड्याळाचे वेळापत्रक शोधणे. तीन पंप, 24 तास, दर पंधरा मिनिटांना निर्णय म्हणजे 288 चल, म्हणजे शोधायचे आकडे. पाऊस अंदाजापेक्षा तासभर उशिरा आला की सगळे फुकट. त्याऐवजी प्रत्येक पंपाची चालू आणि बंद करायची पातळी शोधा. सहाच आकडे, आणि रात्री दोनला पंपहाउसवरच्या माणसाला ते मोजपट्टीवर दिसतात.