खाणीतून निघालेला पैसा कुठे गेला, हे कसे तपासावे

एखाद्या गरीब देशात तेलाचा किंवा तांब्याचा मोठा साठा सापडल्याची बातमी आली, की तिच्यातला पहिला आकडा जमिनीखाली किती अब्ज पिंपे किंवा किती कोटी टन माल आहे याचा असतो, आणि नेमका तोच आकडा त्या देशाच्या भवितव्याबद्दल सर्वांत कमी सांगतो. नायजेरियात 1956 साली ओलोइबिरी येथे तेल लागले, बोट्स्वानात 1967 साली ओरापा येथे हिरे सापडले. पुढच्या काळात एका देशात यादवी युद्ध आणि लष्करी राजवटी आल्या, तर दुसऱ्यात निवडणुका अखंड होत राहिल्या. हा फरक साठ्याच्या आकारावरून कळत नाही. तो कळतो करारांवरून, वाटपाच्या नियमांवरून आणि अंदाजपत्रकावरून. ही कागदपत्रे बहुतेक उघड असतात. ती कोणत्या क्रमाने वाचावीत, एवढेच येथे सांगायचे आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आणि पत्रकारांना त्याचा उपयोग होईलच, पण खाणपट्ट्याच्या शेजारी राहणाऱ्यांना तो जास्त व्हावा, अशी माझी इच्छा आहे.

सुरुवात सरकारच्या उत्पन्नापासून करावी. त्या देशाचे अंदाजपत्रक किंवा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा त्या देशावरचा वार्षिक आढावा उघडून, सरकारला मिळणाऱ्या प्रत्येक 100 रुपयांपैकी किती रुपये जमिनीखालून येतात आणि किती लोकांच्या करांतून येतात, हे कागदाच्या एका बाजूला लिहून ठेवावे. ज्या सरकारचा खजिना तेलाने भरतो, त्याला शेतकऱ्याच्या किंवा दुकानदाराच्या दारात कर मागायला जावे लागत नाही, आणि जिथे मागायलाच जायचे नाही तिथे हिशेब देण्याचा प्रसंगही येत नाही. शिवाय सगळा पैसा राजधानीतल्या एकाच तिजोरीत जमा होत असेल, तर त्या तिजोरीची किल्ली हातात असणे हेच राजकारणाचे सर्वांत मोठे बक्षीस ठरते आणि सत्ता सोडणे कोणालाच परवडत नाही. जमिनीखालचा वाटा निम्म्याच्या वर दिसला, तर पुढची सगळी तपासणी अधिक बारकाईने करावी.

त्यानंतर करार पाहावा. जमिनीखालचे खनिज कायद्याने कोणाचे आहे, कंपनीला ते कोणत्या अटींवर मिळाले आणि स्वामित्वधनाचा, म्हणजे काढलेल्या मालावर खनिजाच्या मालकाला द्यायच्या रकमेचा, दर किती, हे तीन प्रश्न येथे विचारायचे असतात. झांबियाने 1990 च्या दशकाच्या अखेरीस आपल्या तांब्याच्या खाणी खाजगी कंपन्यांना विकल्या, तेव्हा देशाच्या कायद्यात स्वामित्वधनाचा दर 3 टक्के होता, पण कंपन्यांशी झालेल्या विकास करारांत तो 0.6 टक्क्यापर्यंत खाली आणलेला होता. पुढे तांब्याचे भाव गगनाला भिडले, तेव्हा 2008 साली सरकारने वाढीव नफ्यावर कर बसवला आणि 2009 मध्ये तो मागेही घेतला. म्हणून नुसता कायदा वाचून थांबू नये. करारात कायद्याला कुठे वळसा घातला आहे ते शोधावे. माल कोणाला आणि कोणत्या भावाने विकला जातो हेही पाहावे, कारण कंपनी आपल्याच परदेशातल्या भगिनी-कंपनीला कमी भावाने माल विकत असेल, तर नफा त्या देशात राहतच नाही आणि कर लावण्याजोगे काही उरत नाही.

बोट्स्वानाचा करार मात्र थोडा निवांतपणे वाचण्यासारखा आहे. 1966 साली स्वतंत्र झाला तेव्हा हा देश जगातल्या अत्यंत गरीब देशांपैकी एक होता. ओरापाचे हिरे बामांग्वाटो जमातीच्या भूमीत सापडले, आणि देशाचे पहिले अध्यक्ष सेरेत्से खामा हे त्याच जमातीच्या गादीचे वारस होते. तरीही 1967 च्या कायद्याने खनिजांवरचे हक्क जमातींकडून काढून राष्ट्राकडे घेण्यात आले. हिरे आमच्या जमातीचे, असे म्हणण्याची सोय ज्याला सर्वांत जास्त होती त्याच्याच सरकारने ती वाट बंद केली, आणि त्यामुळे हिरे कोणत्या टोळीचे हा वाद पेटायच्या आधीच विझला. सरकारने खाण कंपनीतला आपला हिस्सा 1969 मधील 15 टक्क्यांवरून 1975 पर्यंत 50 टक्क्यांवर नेला. खनिजाचे उत्पन्न रस्ते, शाळा, दवाखाने अशा टिकणाऱ्या कामांसाठी वापरायचे आणि रोजचा कारभार शक्यतो इतर उत्पन्नातून चालवायचा, असा दंडक त्यांनी स्वतःला घालून घेतला, आणि शिल्लक पैशासाठी पुला निधी उभा केला.

याचा अर्थ तिथे सगळे आलबेल आहे असा कोणी घेऊ नये. विषमता आणि बेरोजगारी दोन्ही तिथे मोठ्या आहेत. मध्य कालाहारीच्या राखीव क्षेत्रातून हटवलेल्या सान या तिथल्या आदिवासी लोकांना परतण्याचा हक्क मिळवण्यासाठी न्यायालयात जावे लागले आणि 2006 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. निर्यातीचा मोठा भाग अजूनही हिऱ्यांचाच असल्यामुळे, प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या हिऱ्यांनी बाजार खाल्ला तेव्हा सरकारी तिजोरीवर थेट ताण आला, आणि 2024 च्या निवडणुकीत स्वातंत्र्यापासून सत्तेवर असलेला पक्ष पराभूत झाला. पण सत्तांतर मतपेटीतून झाले, शांततेत झाले, आणि खनिजावर चालणाऱ्या देशांमध्ये ही गोष्ट मी फार मोठी मानतो. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या हिरेबाजारात आणि सुरतेच्या कारखान्यांत येणाऱ्या कच्च्या मालामागे हा एवढा इतिहास आहे.

वाटपाचा नियम वाचायचा असेल तर नायजेरियाइतका चांगला धडा दुसरा नाही. स्वातंत्र्याच्या वेळी ज्या प्रदेशातून उत्पन्न निघेल त्याला त्यातला निम्मा वाटा मिळत असे. तेल वाढत गेले तसा हा वाटा लष्करी सरकारांनी कमी कमी केला, आणि 1999 च्या राज्यघटनेत तो किमान 13 टक्के असा लिहिला गेला. उरलेला पैसा केंद्राकडे जमा होऊन तिथून राज्यांना आणि स्थानिक संस्थांना वाटला जातो. आता या नियमाशेजारी राज्यांची संख्या मांडून पाहावी: 1967 मध्ये 12, 1976 मध्ये 19, 1991 मध्ये 30, 1996 मध्ये 36. वेगळे राज्य मागण्यामागे भाषा, धर्म, अस्मिता अशी खरी कारणे होतीच, पण राज्य झाले की केंद्रातून दरमहा हिस्सा सुरू होतो, हे कारणही त्यांत होते. एकीकडे नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात तेलगळतीने शेते आणि खाड्या नासल्या, दाद मागणाऱ्या, तिथल्या ओगोनी जमातीच्या चळवळीचे नेते केन सारो-विवा यांना 1995 मध्ये फाशी देण्यात आली. दुसरीकडे त्याच तेलाच्या पैशावर दूरच्या राजधान्यांत कचेऱ्या उभ्या राहत होत्या. कोणत्याही देशाचा अभ्यास करताना म्हणूनच दोन स्तंभ आखावेत, एका स्तंभात माल कुठून निघतो ते लिहावे आणि दुसऱ्यात पैसा कुठे खर्च होतो ते. या दोन स्तंभांतले अंतर जितके जास्त तितका असंतोष खोल असतो. 2004 मध्ये नायजेरियाच्या अर्थखात्याने प्रत्येक राज्याला त्या महिन्यात किती पैसे दिले याचे तक्ते वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली, आणि लोकांना आपल्या राज्यपालाला विचारायला निदान एक आकडा मिळाला.

याच देशावरून शेतीचे काय होते तेही पाहता येते. तेलापूर्वी उत्तरेतल्या कानो शहरात भुईमुगाच्या पोत्यांच्या थप्प्या पिरॅमिडसारख्या रचलेल्या असत आणि त्या शहराची ओळख होत्या. पुढे त्या दिसेनाशा झाल्या. तेलाचे डॉलर आले की देशी चलन वधारते, बाहेरचे धान्य स्वस्त पडते आणि आपला माल बाहेर महाग होतो. अर्थतज्ज्ञ याला डच रोग म्हणतात, कारण नेदरलँड्समध्ये नैसर्गिक वायू सापडल्यानंतर तिथल्या कारखानदारीची जी अवस्था झाली तिच्यावरून हे नाव पडले. मात्र सगळा दोष तेलावर टाकण्याची घाई करू नये. भुईमुगाच्या बाबतीत 1970 च्या दशकातला दुष्काळ आणि पिकावरचा रोग हेही कारण होते. साठा सापडण्यापूर्वीचे एक वर्ष, तेजीचे एक आणि मंदीचे एक, अशी तीन वर्षे निवडून निर्यातीच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या, की कोणता माल यादीतून गळाला ते समजते आणि मग प्रत्येकाचे कारण वेगळे शोधता येते.

कर्जाच्या तारखाही तेलाच्या तारखांशी ताडून पाहाव्यात. घानात 2007 मध्ये समुद्रात तेल सापडले, 2010 च्या डिसेंबरात उत्पादन सुरू झाले आणि 2011 मध्ये नागरिकांच्या देखरेख समितीची तरतूद असलेला चांगला कायदाही झाला, पण तेलाच्या भरवशावर पगार आणि कर्जे वाढत गेली आणि 2022 च्या डिसेंबरात देशाला बहुतेक परदेशी कर्जाची फेड थांबवावी लागली. खनिजाचा भाव कोणाच्या हातात नसतो: जुलै 2008 मध्ये तेल पिंपामागे 147 डॉलरपर्यंत चढले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस 40 डॉलरच्या खाली आले. अंदाजपत्रकात कोणता भाव धरला आहे, तो आवर्जून पाहावा.

भावी पिढ्यांसाठी निधी आहे असे वाचले, तर तो निधी मोडण्याचा अधिकार कोणाला आहे हे विचारावे. चाडने जागतिक बँकेच्या मदतीने पाइपलाइन बांधताना 1999 च्या कायद्याने तेलाच्या उत्पन्नाचा 10 टक्के भाग पुढच्या पिढ्यांसाठी राखला होता. 2003 मध्ये तेल वाहू लागले, आणि 2006 मध्ये कायदा बदलून तो निधीच रद्द करण्यात आला.

आता हीच पद्धत घराजवळ लावू. गोव्यातल्या लोहखनिजाचे पट्टे मुळात पोर्तुगीज काळातल्या सवलती होत्या आणि 1987 च्या कायद्याने त्यांचे भाडेपट्ट्यांत रूपांतर झाले. डिचोली, सत्तरी, सांगे भागांत ज्यांनी तेजीची वर्षे पाहिली त्यांना ट्रकांची न संपणारी रांग, पानापानावर बसलेली तांबडी धूळ आणि मांडवीतून मुरगावकडे जाणाऱ्या भरलेल्या बार्जी आठवत असतील. 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खनिजाच्या विक्रीतला 10 टक्के भाग कायम निधीत ठेवण्याचा आदेश दिला आणि 2018 मध्ये 88 पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. खाणी बंद पडल्यावर ट्रक आणि बार्जींवर कर्ज काढलेली घरे अडचणीत आली, तेव्हा एकाच मालावर उभ्या राहिलेल्या गावाचे काय होते ते आपल्यालाही दिसले.

गडचिरोली किंवा चंद्रपुरातल्या वाचकाला जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा, म्हणजे खाणीची झळ लागलेल्या भागांसाठी जिल्ह्यात असलेल्या न्यासाचा, हिशेब स्वतः करता येतो. समजा, लोहखनिजाचा सरासरी विक्रीभाव टनाला 4,000 रुपये आहे. स्वामित्वधन 15 टक्के, म्हणजे 600 रुपये. पट्टा 12 जानेवारी 2015 पूर्वीचा असेल तर स्वामित्वधनाच्या 30 टक्के, म्हणजे 180 रुपये, प्रतिष्ठानाकडे जमा व्हायला हवेत; लिलावाने दिलेला असेल तर 10 टक्के, म्हणजे 60 रुपये, कारण लिलावाचा प्रीमियम राज्याला वेगळा मिळतो. एक लाख टन माल बाहेर गेला, तर प्रतिष्ठानाच्या खात्यात 60 लाख किंवा 1 कोटी 80 लाख रुपये दिसले पाहिजेत. किती टन माल गेला हे वाहतूक परवान्यांच्या नोंदींवरून आणि सरासरी विक्रीभाव भारतीय खाण ब्युरोच्या मासिक तक्त्यांवरून मिळतो. जमा रक्कम जुळली की मंजूर कामांची यादी मागवावी, प्रत्येक कामासमोर गावाचे नाव लिहावे, आणि खाणीला लागून असलेल्या गावांत पिण्याचे पाणी, दवाखाना आणि शाळा यांवर किती खर्च झाला, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या इमारतींवर किती झाला, याची बेरीज वेगवेगळी करावी. ही दोन बेरजांची चिठ्ठी ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि ती इतिवृत्तात नोंदवून घ्यावी.