बसऱ्याला गेलेल्या पणजोबांचा माग कसा काढावा

"पणजोबा बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत." बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं बंदर, पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातले शिपाई तिथे लढायला गेले. घरात एवढंच ठाऊक असलं तरी शोध सुरू करता येतो.

आधी जुनी ट्रंक उघडा. पहिल्या महायुद्धाचं, राजाचा चेहरा असलेलं पदक सापडलं तर त्याची कड भिंगाखाली धरा. तिथे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदक चांदीचं असेल तर माणूस शिपाई. ब्राँझचं असेल तर बहुधा लष्करासोबत गेलेला हमाल किंवा खेचरवाला. (दसऱ्याला पदकं ब्रासोनं घासत असाल तर थांबा, अक्षरं झिजतात.) बशीएवढी ब्राँझची तबकडी असेल तर ती मृताच्या वारसांना मिळालेली, तिच्यावर नुसतं नाव असतं, नंबर नाही.

मग गावातली दगडी पाटी पाहा. किती जण गेले, किती मेले, एवढेच आकडे सहसा असतात. बसऱ्याच्या स्मारकाचंही तेच: भिंतीवर भारतीय अधिकाऱ्यांची नावं, साध्या शिपायांची पलटणवार संख्या. नावं मिळतात ती कागदोपत्री.

ती शोधायची कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (महायुद्धांतल्या मृत सैनिकांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर, फुकट. आडनावावर विसंबू नका. इंग्रजी कारकुनानं कानाला आलं तसं लिहिलंय. जाधव कुठे ‘जादव’ होतो, कुठे आडनावच गायब. त्यापेक्षा अतिरिक्त माहितीच्या रकान्यात गाव किंवा तालुका टाका, कारण अनेक नोंदींत बापाचं नाव आणि गाव दिलेलं असतं. जिल्हा मात्र जुना हवा: सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता, रायगडचं नाव तेव्हा कुलाबा. गावाचंही स्पेलिंग दोन-चार तऱ्हांनी करून पाहा. वडिलांचं नाव जुळल्याशिवाय ‘सापडले’ म्हणू नका. एका पलटणीत एकाच नावाचे अनेक शिपाई असत.

पलटणींचे नंबर १९२२ मध्ये बदलले, हेही ध्यानात ठेवा. इराकमधल्या कुतच्या वेढ्यात अडकलेली ११० वी मराठा पुढे पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली. नंबर आणि पलटण हाती आली की बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहा.

पणजोबा बोटीवर खलाशी होते? मग बसरा सोडा. समुद्रात मेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक मुंबईतच आहे, मस्जिद बंदरजवळच्या खलाशीगृहात.